क्वार्टरबॅक बाकावर असताना : डॅन मरीनोचं प्रकरण

वाद सुरू झाला तो बॉस्टनजवळ, माझ्या बहिणीच्या घरी, सुपर बोलच्या रविवारी. मी पाहुणा. भाचा तिथेच जन्मलेला, टॉम ब्रेडी बघत मोठा झालेला. मी सहज बोलून गेलो की बॉल फेकताना मी पाहिलेला सगळ्यात देखणा माणूस म्हणजे मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक डॅन मरीनो. भाच्याने फोनमधून डोकं वर न काढता विचारलं, "मामा, अंगठ्या किती?"

"एकही नाही."

"मग झालं."

त्या "मग झालं"ने, म्हणजे अंगठी नाही तर खेळाडू मोठा नाही या निकालाने, माझा संध्याकाळभर पिच्छा पुरवला, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून मांडतोय. ज्यांना अमेरिकन फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी एवढंच : एनएफएलचं विजेतेपद, म्हणजे सुपर बोल, जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते. त्यामुळे इथे "अंगठी" म्हणजे विजेतेपद. क्वार्टरबॅक म्हणजे हल्ला चालवणारा, बॉल पुढे फेकणारा किंवा दुसऱ्याला पळायला देणारा. पुढे सरकलेलं अंतर यार्डांत मोजतात, आणि बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचला की टचडाउन, जोडीच्या किकसह ७ गुण. ब्रेडीकडे ७ आहेत, जो मोंटानाकडे ४, टेरी ब्रॅडशॉकडे ४. मरीनो १७ मोसम खेळला, ६१,३६१ यार्डांचे पास आणि ४२० टचडाउन पास टाकून निवृत्त झाला, तेव्हा हे दोन्ही विक्रम होते. बोटं मात्र मोकळीच.

दाजींनी लगेच सचिन काढला. "२०११ पर्यंत त्याच्याकडे तरी कुठे वर्ल्ड कप होता? म्हणून काय तो लहान होता?" मराठी घरात हे उदाहरण निघणारच. मला ते जवळचं वाटतं, पण इथे पुरतं बसत नाही, आणि जिथे बसत नाही तिथेच आपला मुद्दा आहे. १९९३च्या हीरो कपच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या. सचिनने चेंडू हातात घेतला आणि भारत २ धावांनी जिंकला. फलंदाजाला ही सोय असते, बाजी दुसऱ्या टोकाने सावरण्याची. क्वार्टरबॅकला ती नसते. फुटबॉलमध्ये हल्ला करणारे ११ वेगळे आणि अडवणारे ११ वेगळे. बॉल समोरच्यांकडे गेला की क्वार्टरबॅक हेल्मेट काढतो, पाणी पितो आणि बाकावर बसतो. जवळजवळ निम्मा सामना तो आपल्यासारखाच प्रेक्षक असतो, फक्त जागा चांगली. शिवाय किक मारणारा वेगळा, पंट करणारा, म्हणजे पुढे सरकणं जमलं नाही की बॉल लांब समोरच्यांकडे मारून देणारा, वेगळा.

म्हणून मी एक साधी चाळणी लावायची ठरवली. मरीनोचे मोठे पराभव घ्यायचे आणि प्रत्येकात बघायचं : सामना हातातून गेला तेव्हा हा गडी मैदानात होता की बाकावर?

सहावा क्वार्टरबॅक

१९८३च्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्या फेरीत ६ क्वार्टरबॅक उचलले गेले. जॉन एल्वे पहिला, मग टॉड ब्लॅकलेज, जिम केली, १५व्या क्रमांकावर टोनी ईसन, २४व्या क्रमांकावर केन ओब्रायन आणि पार २७व्या क्रमांकावर पिट्सबर्ग विद्यापीठाचा मरीनो. कॉलेजचं शेवटचं वर्ष त्याला जड गेलं होतं, त्यामुळे भाव पडला होता. ईसन आणि ओब्रायन ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

२७वी निवड मायामीकडे होती याचं कारण वरचे संघ शेवटी निवडतात, आणि त्याच जानेवारीत डॉल्फिन्स सुपर बोल हरले होते. म्हणजे संघ बरा, प्रशिक्षक डॉन शुलासारखा, आणि क्वार्टरबॅक हवा होता. दुसऱ्याच मोसमात, १९८४ साली, मरीनोने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास टाकले. तोवर एका मोसमातला टचडाउन पासचा विक्रम ३६ होता. ३७ नाही, ३८ नाही, एकदम ४८. तो विक्रम पेटन मॅनिंगने मोडला २००४ साली, आणि यार्डांचा मोडायला २०११ उजाडलं.

त्याचं फेकणं बघण्यासारखं होतं. हात मागे नेऊन ताणणं वगैरे भानगड नाही. बॉल कानाजवळ, कोपर वर, आणि मनगटाचा एक झटका. समोरचा धिप्पाड गडी अंगावर येईपर्यंत बॉल निघून गेलेला. त्या अख्ख्या मोसमात तो बॉल हातात असतानाच जेमतेम १३ वेळा पाडला गेला. पळणं त्याला येत नव्हतंच, गरजही नव्हती.

२० जानेवारी १९८५, स्टॅनफर्ड

त्या मोसमाचा शेवट झाला सुपर बोलमध्ये. मायामी मोसमात १४-२ (१४ जिंकले, २ हरले), सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स १५-१. मरीनो २३ वर्षांचा. सगळ्यांना वाटलं, हा आता वर्षाआड इथे येत राहणार. तो परत कधीच आला नाही.

पहिला क्वार्टर संपला तेव्हा मायामी १०-७ने पुढे होतं. शुलाने चाल अशी केली होती की दोन डावांच्या, म्हणजे बॉल सुरू होऊन थांबण्याच्या एकेका फेरीच्या, मध्ये बोलायला घोळका करायचाच नाही, भराभर रांगेत उभं राहायचं, म्हणजे समोरच्यांना खेळाडू बदलायला उसंत मिळू नये. ती थोडा वेळ चालली. मग फोर्टीनाइनर्सनी ठरवलं की पुढे फक्त ४ माणसं ठेवायची आणि बाकी जास्तीत जास्त मागे, पास अडवायला. असं करणं म्हणजे समोरच्याला सरळ सांगणं की पळत जा, आम्ही अडवत नाही. कुठल्याही धडधाकट संघाने अशा वेळी बॉल रनिंग बॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याच्या, हातात दिला असता आणि ५-५ यार्ड खाल्ले असते.

मायामीने अख्ख्या सामन्यात ९ वेळा बॉल हातात घेऊन पळवला. मिळाले २५ यार्ड. एकूण. ६० मिनिटांत.

हा आकडा मी भाच्याला दाखवला तेव्हा त्याने तो परत वाचला. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक मोंटाना एकटाच ५९ यार्ड पळाला होता.

हे असं का झालं, याची मुळं त्या सामन्याच्या आधीची आहेत. रनिंग बॅक डेव्हिड ओव्हरस्ट्रीट १९८४च्या जूनमध्ये मोटार अपघातात गेला. दुसरा रनिंग बॅक अँड्रा फ्रँकलिन त्याच मोसमात गुडघ्यातून गेला. आणि ज्याच्याकडे मरीनो आहे त्याला पळायची चिंता कशाला, अशी एक समजूत संघात हळूहळू मुरली. मरीनोच्या १७ मोसमांत मायामीच्या रनिंग बॅकने हजार यार्ड ओलांडले ते फक्त एकदा, १९९६ साली करीम अब्दुल-जब्बारने.

आता गंमत बघा. हाच शुला, हाच संघ, ११ वर्षं आधी, जानेवारी १९७४चा सुपर बोल. मायामीने मिनेसोटाला २४-७ हरवलं. लॅरी झोंका १४५ यार्ड पळाला आणि क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीने अख्ख्या सामन्यात पास टाकले ७. सात. ग्रीसीला अंगठी मिळाली, ती त्याची दुसरी. मरीनोने स्टॅनफर्डला ५० पास टाकले, २९ पोचवले, ३१८ यार्ड. अंगठी नाही. अंगठ्याच मोजायच्या तर ग्रीसी मरीनोपेक्षा दोन अंगठ्यांनी मोठा. ग्रीसी चांगलाच होता, हॉल ऑफ फेममध्ये, दिग्गजांच्या मानाच्या यादीत, आहे, पण हे वाक्य त्यालाही मोठ्याने म्हणायला अवघड जाईल असं मला वाटतं.

मग चाळणी काय सांगते? सामना दुसऱ्या क्वार्टरमध्ये गेला. मायामीचा पंटर रेजी रोबी एरवी आभाळ गाठणारा, त्या दिवशी त्याचे पंट आखूड पडले. मोंटानाला पाठोपाठ बॉल मिळाला तो मैदानाच्या मध्याच्या आसपास. त्याने ३ टचडाउन चढवले, १०-७चे २८-१० झाले. या २१ गुणांच्या वेळी मरीनो बाकावर होता. सॅन फ्रान्सिस्कोने त्या दिवशी ५३७ यार्ड काढले, तेव्हाचा सुपर बोलचा विक्रम. मायामीच्या डिफेन्सला मोंटाना कुठून निसटतो तेच कळत नव्हतं.

पण इथे मी मरीनोची वकिली थांबवतो. मध्यंतरानंतर २८-१६ असताना दार पुरतं बंद झालेलं नव्हतं, आणि दुसऱ्या अर्ध्यात मायामीला एकही गुण मिळाला नाही. मरीनोचे २ पास समोरच्यांनी मध्येच झेलले, म्हणजे गमावले गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या एरिक राइटने उडी मारून मायामीच्या मार्क क्लेटनच्या पुढ्यातून बॉल काढला, तो पास न टाकला तरी चाललं असतं. तो ४ वेळा पाडला गेला. समोरच्या संघाच्या मागच्या फळीतले चौघेही त्या वर्षी प्रो बोलला, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्याला, निवडले गेलेले, हे खरं. तरीही सर्वश्रेष्ठ म्हणवून घ्यायचं तर असल्यांसमोरच काहीतरी करून दाखवावं लागतं. मोंटानाने ३३१ यार्ड आणि ३ टचडाउन पास टाकले, एकही पास गमावला नाही. ३८-१६. त्या दिवशी मोंटाना सरस होता, आणि हे मी अंगठीकडे बघून म्हणत नाही.

१२ पास आणि ४८ पास

वर्षभराने, जानेवारी १९८६. मायामीचं घरचं मैदान ऑरेंज बोल, पाऊस. सुपर बोलला कोण जाणार याचा सामना, मायामी विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रिअट्स. पेट्रिअट्सनी या मैदानावर सलग १८ सामने गमावलेले. मायामीने त्याच मोसमात शिकागो बेअर्सना ३८-२४ हरवलं होतं, बेअर्सचा त्या वर्षातला एकमेव पराभव. सगळे दुसऱ्या मायामी-शिकागो लढतीची वाट बघत होते.

पेट्रिअट्सचा क्वार्टरबॅक होता टोनी ईसन, मरीनोच्या १२ जागा आधी निवडलेला. त्याने त्या दिवशी १२ पास टाकले, १० पोचवले, यार्ड मिळाले ७१. बाकी वेळ पेट्रिअट्सनी बॉल पळवला, ५९ वेळा, २५५ यार्ड. मायामीच्या डिफेन्सच्या मधूनच. मरीनोने ४८ पास टाकले, २० पोचवले, २ गमावले. मायामीने एकूण ६ वेळा बॉल समोरच्यांच्या हाती सोडला. ३१-१४.

चाळणीत हा पराभव दोन्ही खणांत पडतो. ओल्या बॉलने ४८ पैकी २८ पास वाया जाणं हे मरीनोचंच. २५५ यार्ड पळू देणं त्याचं नाही. पण ईसनचं बघा. त्याला "मोठा सामना जिंकणारा" हे बिरुद मिळायला हरकत नव्हती, १२ पासांत सुपर बोल गाठला होता. दोन आठवड्यांनी शिकागोसमोर त्याने ६ पास टाकले, एकही पोचला नाही, आणि त्याला पहिल्या अर्ध्यातच बाहेर काढलं. ४६-१०. ज्याने एका सामन्यात मरीनोला "हरवलं" तोच दुसऱ्यात असा दिसला. माझ्या मते दोन्ही सामन्यांत ईसन साधारण तोच होता, बदलला होता तो भोवतालचा संघ आणि समोरचा डिफेन्स.

१९८६चं थोडक्यात सांगतो. मरीनोने ४४ टचडाउन पास टाकले आणि मायामी ८-८वर संपलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्याने ४४८ यार्ड आणि ६ टचडाउन पास टाकले. ४५ गुण. हरले, ५१-४५, ओव्हरटाइममध्ये. समोर केन ओब्रायन, ४७९ यार्ड. सहा टचडाउन टाकून हरणाऱ्याला आणखी काय करायला सांगायचं, मला सुचत नाही.

४८ यार्ड

आता मी स्वतः पाहिलेलं. १९९४च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला दक्षिण फ्लोरिडात उतरलो. चौघांत एक घर, एक १३ इंची टीव्ही, त्याच्या अँटेनाला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला. फुटबॉल आम्हाला कुणालाच कळत नव्हता. शेजारचा एक क्यूबन म्हातारा रविवारी आमच्याकडे येऊन बसायचा, कारण त्याच्या बायकोला आवाज सहन व्हायचा नाही. नियम त्याने शिकवले, निम्मे स्पॅनिशमध्ये.

नोव्हेंबरच्या शेवटी जेट्सविरुद्धचा सामना. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, मायामी २१-२४ मागे. मरीनो ओरडत, हातवारे करत पुढे आला की आता बॉल जमिनीवर आपटून घड्याळ थांबवतोय. समोरचे सैलावले. त्याने बॉल घेतला, आपटलाच नाही, मार्क इन्ग्रॅमला टचडाउन टाकला. म्हातारा खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेला आणि परत आला. त्या दिवसापासून मी मरीनोचा.

मग ८ जानेवारी १९९५. प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरचे बाद सामने, सॅन डिएगोत. मध्यंतराला मायामी २१-६ने पुढे, तिन्ही टचडाउन मरीनोचे पास. दुसऱ्या अर्ध्यात मायामी आपल्याच गोलरेषेला टेकलेलं असताना बॉल बर्नी पार्मलीला पळवायला दिला आणि तो आपल्याच एंड झोनमध्ये पाडला गेला. सेफ्टी, सॅन डिएगोला २ गुण. हे २ गुण विसरू नका. नेट्रोन मीन्स एकदा कडेने पळत टचडाउनला गेला. शेवटी ३५ सेकंद राहिले असताना सॅन डिएगोने आणखी एक टचडाउन केला, २२-२१. एका गुणाने मागे, आणि सेफ्टीचे गुण होते २.

मरीनोने त्या अर्ध्या मिनिटात बॉल किकच्या टप्प्यात आणून दिला (किक खांबांमधून गेली की ३ गुण). ४८ यार्ड, पीट स्टोयानोविच. किक उजवीकडून बाहेर. टीव्हीवर कॅमेरा मरीनोवर गेला, तो रेषेबाहेर उभा होता. म्हाताऱ्याने टीव्ही बंद केला. टीव्ही आमचा होता, पण कुणी काही बोललं नाही.

भाच्याला हे सांगून मी विचारलं, "ब्रेडीची पहिली अंगठी कशी आली?" त्याला तोंडपाठ. ३ फेब्रुवारी २००२, न्यू ऑर्लीन्स, रॅम्सविरुद्ध १७-१७. १ मिनिट २१ सेकंद शिल्लक, टाइमआउट एकही नाही, बॉल आपल्या १७ यार्डांवर. समालोचक जॉन मॅडन म्हणत होता की धोका नको, ओव्हरटाइमला जा. ब्रेडीने ५३ यार्ड काढले, घड्याळ थांबवलं, आणि ॲडम व्हिनाटिएरीने किक मारली.

"किती यार्डांची?"

त्याने बोटाने खाली सरकवून बघितलं. "फोर्टी-एट."

"ब्रेडीचे एकूण यार्ड?"

"एकशे पंचेचाळीस. पण मामा, ड्राइव्ह तर त्याने केला ना!"

"केला. मरीनोनेही केला."

भाच्याची बाजू

तो गप्प बसणारा नाही, आणि त्याचा मुद्दा चांगला होता. एक किक नशीब, दोन नशीब. माणूस १० सुपर बोल खेळतो, ७ जिंकतो, याला किती दिवस नशीब म्हणणार? पेट्रिअट्सचा प्रशिक्षक बेलिचिक याच्यामुळे जिंकला म्हणावं, तर सहा तिथे जिंकून तो ४३व्या वर्षी टँपाला गेला आणि पहिल्याच मोसमात कॅन्सस सिटीला ३१-९ हरवून सातवी घेऊन आला.

हे मान्य. मोठ्या संख्येत नशीब विरतं. पण एकेक अंगठी हातात घेऊन बघितली की ती क्वार्टरबॅकच्या खेळाशी किती कमी बांधलेली असते ते दिसतं. फेब्रुवारी २०१८मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध ब्रेडीने ५०५ यार्ड आणि ३ टचडाउन पास टाकले, एकही पास गमावला नाही, पेट्रिअट्सना एकदाही पंट करावा लागला नाही. हरले, ४१-३३. शेवटाला एकदा बॉल त्याच्या हातातून निसटला, तेवढा दोष त्याचा. पुढच्या वर्षी रॅम्सविरुद्ध २६२ यार्ड, टचडाउन पास शून्य, एक पास गमावला. जिंकले, १३-३. दोन्ही रात्री तो तोच होता, उलट पहिल्या रात्री जास्त चांगला. आपण अंगठी मात्र दुसऱ्या रात्रीची मोजतो.

एल्वेचंही तसंच. तरुणपणी एकट्याच्या बळावर संघ ओढत ३ सुपर बोल गाठले, तिन्ही दणकून हरला. तिसऱ्यात तर ५५-१०. मग पस्तिशी उलटल्यावर रनिंग बॅक टेरेल डेव्हिस आला. जानेवारी १९९८मध्ये डेव्हिसने १५७ यार्ड आणि ३ टचडाउन पळून काढले, एल्वेचे पास भरले १२३ यार्ड, टचडाउन पास एकही नाही. संघमालक पॅट बोलनने ट्रॉफी उंचावून ती जॉनसाठी असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून एल्वे "जिंकणारा" झाला. वर्षं ३७, हात आधीइतका उरलेला नाही, आणि प्रतिष्ठा मात्र दुप्पट.

मोंटानाची गोष्ट वेगळी आहे, आणि अंगठीवाल्यांनी खरं तर त्यालाच पुढे करावं. ४ सुपर बोल, १२२ पास, ११ टचडाउन, गमावलेला पास शून्य. जानेवारी १९८९मध्ये सिनसिनाटीविरुद्ध ३ मिनिटांच्या आसपास वेळ, ३ गुणांनी मागे, ९२ यार्ड जायचंय. तो गेला. शेवटचा पास जॉन टेलरला, ३४ सेकंद राहिले असताना, २०-१६. यात मला काही शंका नाही. मात्र त्याच सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये मोंटानाचा एक पास एंड झोनमध्ये लुइस बिलप्सच्या दोन्ही हातांत आला होता आणि सुटला. पुढच्याच डावात जेरी राइसचा टचडाउन. बिलप्सची बोटं मिटली असती तर "शून्य" हा आकडा १ झाला असता, कदाचित "४" हा ३. मोंटाना तेवढाच मोठा राहिला असता. मला तरी.

डिल्फरचा प्रश्न

इथे दाजींनी मध्येच विचारलं, "असा कोणी आहे का, ज्याच्याकडे अंगठी आहे आणि तुम्ही दोघंही त्याला मोठा म्हणणार नाही?"

भाचा आणि मी एकदमच म्हणालो, "ट्रेंट डिल्फर."

२०००चा मोसम, बाल्टिमोर रेव्हन्स. डिफेन्स असा की १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले. ऑफेन्सने मोसमाच्या मध्यात सलग ५ सामन्यांत टचडाउन केला नाही. डिल्फर पुढे क्वार्टरबॅक झाला, सांभाळून खेळला, सुपर बोलमध्ये २५पैकी १२ पास, १५३ यार्ड. ३४-७. अंगठी. त्यानंतर रेव्हन्सनी काय केलं? त्याला सोडून दिलं आणि एल्विस ग्रबॅकला आणलं. सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक पुढच्या मोसमात सिअॅटलला.

मला या वादातला हा सगळ्यात बोलका कागद वाटतो. ज्यांचे स्वतःचे पैसे लागतात त्यांनी अंगठी बघून नोकरी दिली नाही. हॉल ऑफ फेमचंही तेच : जिम प्लंकेटने ओकलंड-लॉस एंजेलिसच्या रेडर्ससाठी २ सुपर बोल जिंकले, तो अजून बाहेर. मरीनो २००५ साली, पात्र झाल्याबरोबर, आत.

म्हणजे अंगठीवालेही खरं तर अंगठी मोजत नाहीत. ते आधी बॉल फेकणं बघून चारपाच नावं बाजूला काढतात, आणि मग त्या चारपाचांतच बोटं मोजायला लागतात. डिल्फर पहिल्या चाळणीतच गळलेला असतो, म्हणून त्याची अडचण होत नाही. भाचा यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे टायब्रेकर."

टायब्रेकर म्हणून माझी हरकत नाही. व्याख्या म्हणून आहे.

आणि मरीनोला सर्वश्रेष्ठ म्हणतो का? नाही. प्लेऑफमध्ये त्याचे १८ सामने, ८ जिंकले, १० हरले. ही जिंकण्या-हरण्याची मोजणी मी बाजूला ठेवतो, कारण त्यात स्टोयानोविचचा पाय आहे आणि पेट्रिअट्सचे २५५ यार्ड आहेत. पण ३२ टचडाउन पासांसमोर २४ गमावलेले पास, हे सगळे त्याच्या हातून सुटलेले बॉल आहेत, त्यातला एकही तो बाकावर असताना गेला नाही. मोंटानाचे प्लेऑफमध्ये ४५ आणि २१. मरीनोला रनिंग बॅक नव्हता म्हणून समोरचे मागे गर्दी करायचे, हे कारण मी देऊ शकतो आणि देतोही. त्याने थोडा फरक भरतो, सगळा भरत नाही. मोंटाना वर.

"म्हणजे तू पण चार अंगठ्यांवालाच निवडलास!" भाचा खूश झाला.

"अंगठ्या नसत्या तरी तोच निवडला असता."

"सोपं आहे म्हणायला."

खरंच, सोपं आहे म्हणायला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री उशिरा, जेवणं झाल्यावर, त्याने मला त्याचा सगळ्यात आवडता डाव लावून दाखवला. १ फेब्रुवारी २०१५, ग्लेनडेल. पेट्रिअट्स २८-२४ने पुढे, ब्रेडीने चौथ्या क्वार्टरमध्ये २ टचडाउन टाकून १० गुणांची पिछाडी भरून काढलेली. पण सिअॅटल एका यार्डावर, रसेल विल्सनच्या हातात बॉल, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. विल्सनने पास टाकला आणि माल्कम बटलर नावाचा ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला पोरगा मध्ये घुसून बॉल घेऊन गेला. भाच्याने तो डाव तीनदा लावला. चौथ्यांदा पडद्यावर रेषेबाहेरची दृश्यं आली, तिथे कोणीतरी लहान मुलासारखं उड्या मारत होतं.

"हा कोण?" मी विचारलं.

"ब्रेडी," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून, "बरं बरं, कळलं."